स्वखुशीने

माझ्या घरमालकांना 'पॉझिटिव्ह' हा शब्द फक्त रक्ताच्या रिपोर्टवरचा माहीत होता, आणि तो तिथे असला की वाईट, एवढंच ते जाणून होते. त्यामुळे खोली बघायला गेलो तेव्हा 'मी फार पॉझिटिव्ह माणूस आहे काका' असं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर ते जरा मागे सरकले आणि म्हणाले, "मंग औषिद चालू हाय ना?"

शिरवण्यात त्यांची तीन मजली इमारत होती. गाव त्यांच्या बापजाद्यांचं. नेरूळ नंतर त्याच्याभोवती येऊन बसलं आणि 'गाव फार मध्ये येतं' म्हणून कुरकुर करू लागलं. तळमजल्यावर रस्त्याकडे दोन गाळे, बाजूला ओटी आणि तिच्यामागे मालक आणि काकूंचं घर, वर आम्ही भाडेकरू. पाणी सकाळी थोडा वेळ यायचं आणि बारा महिने थंड असायचं. थंड पाण्याच्या अंघोळीने मनोबल वाढतं असं मी एका व्हिडिओत ऐकलं होतं. त्या हिशेबाने आमचा अख्खा मजला सिद्धपुरुषांचा होता.

तेव्हा मी वाशीतल्या एका कंपनीत एचआरमध्ये होतो. पगारवाढ न देता लोकांना आनंदी ठेवणं, हे माझं काम. त्यासाठी मी दर तिमाहीला एखादा ट्रेनर आणायचो. तो येऊन सगळ्यांना एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावायचा आणि अकाउंट्सच्या बाया हसून हसून बेजार व्हायच्या. माझा स्वतःचा मात्र या सगळ्यावर पूर्ण विश्वास होता. मी पहाटे पाचला उठायचो, उठल्याबद्दल विश्वाचे आभार मानायचो आणि ऑफिसात दिवसभर पेंगायचो. माझ्या भिंतीवर स्वप्नांचा फलक होता. त्यावर समुद्रासमोरच्या फ्लॅटचं चित्र चिकटवलं होतं, आणि त्या चित्रामुळे खिडकीतून दिसणारा ट्रान्सफॉर्मर झाकला जायचा. हा त्या फलकाचा मला झालेला एकमेव फायदा.

मालकांना गावात सगळे 'वकील' म्हणायचे. ते वकील नव्हते. वाढीव मोबदल्याच्या केसमध्ये ते तरुणपणापासून साक्षीदार होते. जमीन शहरासाठी गेली, केस मात्र राहिली, आणि त्यांची उमेदीची वर्षं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेली. प्रमाण मराठी ते शाळेत शिकले नाहीत. समोरच्या बाजूच्या वकिलाने उलटतपासणी घेता घेता ती त्यांना शिकवली. त्यामुळे त्यांच्या तोंडात दोन भाषा होत्या. एरवी ते गावच्या बोलीत बोलायचे, पण प्रश्न विचारायचा झाला की एकदम ताठ व्हायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि म्हणायचे, "काल सकाळी आपल्या खोलीतील नळ उघडा राहिला होता, हे खरे आहे काय? फक्त हो किंवा नाही सांगावे."

"काका, त्याचं असं झालं की..."

"असं झालं की नाय. हो का नाय?"

"हो."

"झालं. बस, चा घे."

एवढंच. हो म्हटलं की विषय संपायचा, ओरडणं नाही, टोमणा नाही. नाही म्हटलं आणि ते खोटं असलं, तर मात्र आठवडाभर जिन्यात भेटतील तिथे पुढचा प्रश्न तयार असायचा. दूधवाला त्यांच्यामुळे पाणी घालायचा थांबला होता, निदान आमच्या इमारतीपुरता तरी.

एक दिवस ते माझ्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत प्लास्टिकची पिशवी. वाशीला जायचंय, चल म्हणाले. पिशवीत आधार कार्ड, दोन फोटो, घरपट्टीची पावती.

"कशाला काका?"

"स्वखुशीचं शिबिर लागलंय. बोर्ड बघितला मी. साक्षीदार लागंल. तू चल."

तो बोर्ड मीही पाहिला होता. मीच आमच्या कंपनीसाठी त्याचे पास मागवले होते. 'स्वखुशी : दोन दिवसांचे निवासी नसलेले शिबिर.' खाली हात पसरून उभा असलेला एक माणूस आणि मागे सूर्य. आता 'स्वखुशी' म्हटल्यावर तुम्हाआम्हाला आतला आनंद वगैरे आठवेल. शिरवण्यातल्या माणसाला दस्त आठवतो. 'मी स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, हे लिहून देत आहे.' आणि शिबिर म्हटलं की वारसनोंदींचं. समाजमंदिरात टेबलं मांडून सरकारी माणसं बसतात ते. मालकांनी दोन आणि दोन चार केले होते. हात पसरलेला माणूस त्यांना तलाठी वाटला होता.

मी चूक सांगायला तोंड उघडलं, पण रिक्षात बसल्यावर ते आपण होऊन बोलू लागले, म्हणून गप्प बसलो.

"बहिनीचं काम हाय. बायचा हक्कसोड झालाय, तिचं लगीन झाल्यावर. तो बरोबर झाला का नाय, तेवढं इचारून घ्यायचंय."

हक्कसोड म्हणजे लग्न झालेल्या बहिणींनी बापाच्या मिळकतीतला हिस्सा सोडल्याचा कागद. गावातल्या सगळ्या बहिणींनी तो केला होता. भावाने गाडी करून न्यायचं, बहिणीने सही करायची, भावाने तिला साडी घ्यायची आणि मग सगळ्यांनी मिळून मिसळ खायची, अशी रीत होती. मालकांच्या बहिणीनेही सही केली. ती कामोठ्याला एका खोलीत राहायची. दर भाऊबीजेला यायची, ओटीवर बसायची, भावाला ओवाळायची आणि निघायची. घरात कधी आली नाही. 'गुडघं दुखतात, चढवत नाय,' म्हणायची. ओटीवरून घरात जायला एकच उंबरठा होता.

"तुम्हाला काय वाटतं काका? बरोबर झाला?"

"कागद बरोबर हाय," ते म्हणाले, आणि वाशी येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

हॉल गार होता. दारात एका मुलीने आमच्या कपाळाला चंदन लावलं आणि नावाचे बिल्ले दिले. मालकांनी तिच्यापुढे आधार कार्ड धरलं. 'त्याची गरज नाही काका, इथे आपण आपली ओळख विसरायला आलोय,' असं ती गोड हसून म्हणाली. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख पटवल्याशिवाय कुठलं काम होतं, हे त्यांना कळेना.

गुरुजी लिननच्या पांढऱ्या कुडत्यात आले. गालाला चिकटलेला माईक. ते स्वतःला गुरू म्हणवत नसत, 'मित्र' म्हणवत, आणि त्यांच्या पाया पडायला मात्र रांग होती. त्यांनी सगळ्यांना मूठ आवळायला सांगितली, मग उघडायला सांगितली. "सोडून द्या. जे धरलंय ते सोडून द्या. बघा, किती हलकं वाटतं." सगळ्यांना ताबडतोब हलकं वाटलं. माझ्या डोळ्यांत तर पाणीच आलं, पण तेव्हा मला कशानेही यायचं.

"आता मनात येणाऱ्या विचारांकडे फक्त बघा. साक्षीदार व्हा. यालाच साक्षीभाव म्हणतात."

मालक उभे राहिले. साक्षीदार या शब्दावर ते उभे राहणारच होते.

"साहेब, उलटतपासनी कोन घेनार?"

गुरुजींनी प्रेमळ चेहरा केला. "काका, इथे कोणी तपासणी करत नाही. कोणी जज करत नाही. फक्त बघायचं."

"बघायचं, ते बरोबर. पन साक्षीदार काय बी सांगंल ना. मी सांगतंव, मना माहीत हाय. इचारनारा नसला तर साक्षीदार आपल्याच सोयीचं बघतो."

हॉलमध्ये लोक हसले. गुरुजी म्हणाले, "काका खूप डोक्यात राहतात. टाळ्या काकांसाठी." जोरदार टाळ्या झाल्या. प्रश्न गाडायची इतकी आनंदी पद्धत मी दुसरी पाहिलेली नाही. पुढे ऑफिसात मी ती कितीतरी वेळा वापरली.

परत येताना मी घाबरत घाबरत म्हणालो, "काका, हे दस्तांचं शिबिर नव्हतं."

"ते मना चंदन लावलं तवाच समजलं. पन मानूस साक्षीदारापर्यंत बरोबर आला होता. पुढं चुकला."

तेव्हापासून मालकांनी संध्याकाळचा एक उद्योग सुरू केला. ओटीवर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या. एका खुर्चीत ताठ बसून प्रश्न विचारायचा, मग उठून समोरच्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचं. प्रश्न वकिलाच्या भाषेत, उत्तर गावच्या.

"आज दुपारी आपण पत्नीवर ओरडलात, हे खरे आहे काय?"

उठून, समोर बसून : "हो साहेब."

"भाजी खारट होती म्हणून?"

"नाय साहेब. भाजी बरोबर होती. बँकेत मना त्या पोरानं उभा ठेवला, त्याचा राग."

"तो राग बँकेत का काढला नाहीत?"

"तो पोरगा जोरात बोलतो साहेब. ही बोलत नाय."

काकू आतून ओरडायच्या, "बोलत नाय कोन बोलला? इकडं ये, सांगते." मग दोघंही हसायचे. गल्लीतल्या लोकांनी ठरवलं की वकिलाचं डोकं फिरलं. एका शेजाऱ्याने मला बाजूला घेऊन 'चांगल्या डॉक्टरला दाखवा' असंही सुचवलं. मला स्वतःला तो प्रकार फार मागासलेला वाटायचा. मी वर माझ्या खोलीत आरशासमोर उभा राहून 'मी शांत आहे, मी समृद्ध आहे, मी पुरेसा आहे' असं म्हणत असायचो, आणि खाली हा माणूस रोज खुर्ची बदलून बदलून आपण कसे पुरेसे नाही हे शोधून काढत होता. काकूंनी एकदा माझं ते पठण ऐकलं. "शांत हायेस तर एवढा बोंबलतोस कनाला?" म्हणाल्या. त्यानंतर मी ते मनातल्या मनात म्हणू लागलो.

पण एका प्रश्नापाशी मालक अडकायचे. मी जिन्यातून येता जाता ऐकायचो.

"आपल्या बहिणीने आपला हक्क स्वखुशीने सोडला, हे खरे आहे काय?"

मग ते उठून समोरच्या खुर्चीत बसायचे.

"आठवत नाय साहेब."

"आपण तेथे हजर होता ना?"

"होतो."

"मग?"

"तिनं सही केली तवा मी खाली बघत होतो." एवढं म्हणून ते खुर्च्या एकात एक घालायचे आणि आत जायचे.

त्यांना विश्रांतीची गरज आहे, असं माझं निदान होतं. म्हणून गुरुजींचं पुढच्या पायरीचं शिबिर आलं तेव्हा मी त्यांना पास दिला. 'क्षमा : जुन्या जखमांना निरोप.' मालक म्हणाले, "तो मानूस पुढं सरकला का, ते बघू." आणि आले.

या वेळी प्रत्येकाला एक उशी दिली. ज्याची क्षमा मागायची तो माणूस म्हणजे ही उशी, असं समजायचं होतं. दिवे मंद झाले, बासरी लागली, आणि बघता बघता अख्खा हॉल उशांना मिठ्या मारून हुंदके देऊ लागला. माझ्या शेजारचे एक गृहस्थ उशीला 'बॉस, बॉस' म्हणत होते. मी माझ्या एका जुन्या मैत्रिणीची उशीजवळ क्षमा मागितली आणि उशीने ती दिलीही.

"त्यांनी तुम्हाला माफ केलंय," गुरुजी दाटल्या आवाजात म्हणाले. "अनुभवा. तुम्ही मोकळे झालात."

मालक उशी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ती उलटी करून पाहिली, मग हात वर केला.

"साहेब, ही उशी हाय."

"काका, भावना महत्त्वाची. तुमच्यासाठी ती कोण आहे?"

"बहीन."

"मग बोला तिच्याशी. ती ऐकतेय."

"नाय साहेब. बहीन कामोठ्याला हाय. तिकडं बस जाते."

गुरुजींनी पुन्हा टाळ्यांसाठी हात उचलले, पण लोक रडण्यात गुंतले होते. मालकांनी उशी जागेवर नीट ठेवली, चपला घातल्या आणि मला खूण केली. "चल. साक्षीदार लागंल." मला खरं तर थांबायचं होतं, शेवटी बुफे होता. तरी गेलो.

बसमध्ये मी त्यांना तयारी करून देत होतो. आधी तिची चौकशी करा, मग मन मोकळं करा, डोळ्यांत बघा, 'मला असं वाटतं' अशी सुरुवात करा. ते हो हो म्हणत होते. कामोठ्याच्या त्या खोलीत मालकांची बहीण, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आत्या, जमिनीवर बसून कोलंबी सोलत होत्या. भावाला दारात बघून त्यांचे हात थांबले.

"दादूस? कोन गेलं?"

"कोन नाय गेलं," मालक म्हणाले आणि दारातच उभे राहिले. हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग मी पाहिलं, ते हळूहळू ताठ झाले आणि चष्मा नाकावर ओढला. आपल्या भाषेत त्यांना विचारता येईना, म्हणून ते वकिलाच्या भाषेत गेले.

"आपण वडिलांच्या मिळकतीतील आपला हक्क स्वखुशीने सोडला, हे खरे आहे काय? फक्त हो किंवा नाही सांगावे."

 असं कोणी विचारतं का, असं वाटून मला लाज वाटली.

आत्यांनी हातातली कोलंबी सोलून पुरी केली, पातेल्यात टाकली, आणि म्हणाल्या, "नाय."



"कोनी इचारलाच नाय मना," आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती. "गारीत बसवला, सही सांगितली, केली. तो सायब म्हातारा होता, त्यानं बोलायचा म्हनून इचारला, स्वखुशीनं ना? तू खाली बघत होतास. मी हो बोलले. नाय बोलले असते तर माहेर तुटला असता. हो बोलले तरी तुटलाच."

इथे गुरुजी असते तर बासरी लावून दोघांना मिठी मारायला लावली असती. तसं काही झालं नाही. मालकांकडे पुढचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं ज्याची उलटतपासणी झाली तो माणूस एका 'नाय'पुढे नुसता उभा होता. शेवटी ते मटकन खाली बसले आणि पातेल्यातली एक कोलंबी उचलून सोलू लागले. त्यांना ते नीट येत नव्हतं. आत्यांनी दोनदा त्यांच्या हातून काढून घेतली आणि पुन्हा सोलून दिली. मग आम्ही तिथेच जेवलो.

निघताना दारात आत्यांनी विचारलं, "आता काय करतोस?"

"बघतंव," मालक म्हणाले.

ते बघणं काही सोपं नव्हतं. अध्यात्माच्या पुस्तकांत असं काही झालं की माणसाच्या चेहऱ्यावर तेज वगैरे येतं. मालकांच्या चेहऱ्यावर आम्लपित्त आलं. त्यांनी तळमजल्याचा एक गाळा बहिणीला बक्षीसपत्राने द्यायचं ठरवलं. मालकांच्या मुलाने त्यांच्याशी बोलणं सोडलं. 'पप्पांना शिबिरवाल्यांनी येडा केला,' असं तो माझ्याकडे रोखून बघत म्हणायचा. काकू 'द्या' म्हणाल्या, पण पुढे बरेच दिवस भांडी जोरात आपटत होत्या. आणि मालक स्वतः रोज संध्याकाळी खुर्च्या मांडायचे.

"गाळा देण्यास आपण आनंदाने तयार आहात काय?"

"नाय साहेब. आनंद नाय. रस्त्यावरचा गाळा हाय. जीव तुटतो."

"मग का देता?"

"तिचा हाय म्हनून."

मी त्यांना समजावलं की देताना आनंद वाटला पाहिजे, नाहीतर देण्याची ऊर्जा नकारात्मक राहते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुला कवा वाटला आनंद, देताना? काय दिलंस?" मी आठवू लागलो. रक्त दिलं होतं, पण त्यानंतर बिस्किट आणि सर्टिफिकेट मिळालं होतं.

नोंदणी कार्यालयात आम्ही दुपारभर बसलो. सर्व्हर बंद होता. मनःशांतीचा ट्रेनर जे दोन दिवसांत शिकवू शकला नाही ते तिथल्या बाकांवर लोक फुकटात शिकत होते. आत्या पदर सावरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर नवीकोरी वाटणारी साडी होती, पण तिची घडी जुनी होती, घडीवर रेघा पिवळ्या पडल्या होत्या. मी विचारलं नाही. मालकांनी ती एकदा पाहिली आणि नंतर तिकडे बघायचं टाळलं.

आमचं नाव पुकारलं. खिडकीपलीकडे एक तरुण मॅडम होत्या. अंगठा घेतला, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं, आणि मान वर न करता, दिवसभर सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं, "आजोबा, स्वखुशीने देताय ना? कोणाचं दडपण नाही ना?"

सगळे इथे 'हो' म्हणतात आणि पुढे सरकतात. मालक ताठ झाले. चष्मा नाकावर ओढला. मला कळलं की यांना कोणीतरी प्रश्न विचारलाय.

"नाय मॅडम," ते म्हणाले.

मॅडमनी मान वर केली. "म्हणजे? कोणी जबरदस्ती करतंय?"

"जबरदस्ती कोनाची नाय. देतंव मीच. पन स्वखुशीनं नाय. खुशी नाय झाली मना. पोटात दुखतंय. तरी देतंव, तसं लिवा."

"आजोबा, तसं लिहिता येत नाही. हो म्हणा, नाहीतर दस्त होणार नाही."

"मंग खोटं बोलू? सरकारी जागेत?"

मागची रांग चुळबुळू लागली. कोणीतरी 'बाबा, बोला ना लवकर' असं म्हणालं. मालक खिडकीला धरून उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. देता येत होतं, पण हो म्हणता येत नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला माहीत असलेली सगळी वाक्यं आठवून पाहिली, त्यातलं एकही तिथे बोलण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात आत्या उठून आल्या. त्यांनी भावाच्या सदऱ्याची बाही ओढली आणि हळूच म्हणाल्या, "बोल हो, दादूस. एवढा बोलायला लागतंय. मी पन बोललेले."

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी खाली पाहिलं नाही. मग ते खिडकीकडे वळले आणि 'हो' म्हणाले, आणि मी साक्षीदार म्हणून सही केली.